शनवार लागायच्या आत

“अक्का, हे जरा बघा,” म्हणत वैदेहीनं लॅपटॉप थेट माझ्या टेबलावरच्या खरेदीखतावर ठेवला.

“अगं, खाली कागद आहे! आजोबांच्या वयाचा आहे तो.”

“सॉरी, सॉरी. पण बघा की!”

मी आधी खरेदीखत बाजूला काढलं. मग चष्मा पुसला. स्क्रीनवर एका वहीच्या पानाचा फोटो होता. तपकिरी शाई, वेटोळी अक्षरं, एकात एक अडकलेली. एकही अक्षर ओळखीचं वाटेना.

मी रेकॉर्ड रूममधून रिटायर झालेली बाई. धारवाडच्या सरकारी दप्तरात मोडी कागद वाचण्यात माझी नोकरी गेली. आता हुबळीत, कमरीपेठेतल्या घरी बसून वकिलांचे जुने कागद वाचून देते. मोडी म्हणजे मराठी लिहायची जुनी, धावती लिपी. आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, दोन शब्दांत जागा नाही. लिहिणाऱ्याचा वेळ वाचतो, वाचणाऱ्याचा जातो.

वैदेही आमच्या गल्लीत वाढलेली मुलगी. आता लग्न होऊन इथून जवळच रायापूरला राहते आणि कॉलेजात इतिहास शिकवते. तिची पीएचडी बेने इस्राएल लोकांवर चाललीय. हे कोकणातले ज्यू. मराठी मातृभाषा, घाण्यावर तेल गाळायचा जुना धंदा, शनिवारी काम बंद. म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे. पुढे त्यांच्यातले बरेच जण रेल्वेत लागले. काही आमच्या हुबळीतही होते.

“पण हे आलं कुठून?” मी विचारलं.

“लिस्टवरून.”

ही लिस्ट म्हणजे ई-मेलचा एक मोठा कट्टा. ज्यू लोकांचा इतिहास, भाषा, धर्म यांवर काम करणारे जगभरचे अभ्यासक त्यावर आहेत. कुठे परिषद आहे, कुणी काय छापलं, कुठल्या ग्रंथालयानं काय स्कॅन केलं, कुणाला काय सापडेना, असलं सगळं तिथे कळवतात. एकानं विचारायचं, ज्याला ठाऊक असेल त्यानं सांगायचं.

त्यावर योएल नावाच्या माणसानं हे फोटो टाकले होते. तो इस्राएलमधल्या एका लहान गावच्या ग्रंथालयात काम करतो. गावातली एक म्हातारी बाई मुलाकडे राहायला चालली होती. तिच्या घरातल्या कागदांत ही वही निघाली. काय ठेवायचं आणि काय रद्दीत द्यायचं, हे ग्रंथालयाची समिती गुरुवारी ठरवणार होती. वहीत हिब्रू प्रार्थनेचं एक सुटं छापील पान होतं, म्हणून वहीही हिब्रूच असणार असं सगळ्यांनी धरलेलं. पण वाचता कुणालाच येईना. एक प्राध्यापक म्हणाले, ही स्पेनकडून आलेल्या ज्यूंची धावती लिपी. दुसरे म्हणाले, अजिबात नाही. तिसऱ्यांनी लिहिलं होतं की हा लहान मुलाचा गिरगोटा असावा.

“मला पण येत नाही,” मी म्हटलं. लॅपटॉप तिच्याकडे सरकवताना तो फिरला आणि स्क्रीन मला तिरकी दिसली. अक्षरांच्या खाली एक लांबच लांब आडवी रेघ होती. प्रत्येक ओळीच्या खाली.

खाली? रेघ खाली कशाला मारेल कुणी?

“वैदेही, हा फोटो उलटा कर.”

“म्हणजे?”

“डोकं खाली, पाय वर. कर लवकर.”

तिनं बटणं दाबली. पान गर्रकन फिरलं. रेघ वर गेली आणि अक्षरं तिला लटकली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. चाळीस वर्षं जी अक्षरं रोज बघितली, तीच समोर उभी होती.

“अय्य! मोडी आहे गं ही! मराठी आहे!”

वैदेही किंचाळलीच. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. “एन आयतु?” त्यांनी कानडीत विचारलं. काय झालं हे त्यांना कसं सांगावं, ते आम्हाला कळेना.

झालं होतं ते असं. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे त्यांच्या वहीची शिवण उजव्या हाताला येते. या वहीचं कव्हर कोरं. योएलनं शिवण उजवीकडे येईल अशी ती धरली, आणि सगळी पानं उलटी स्कॅन झाली. आठवडाभर जगातले मोठमोठे विद्वान उलटं पान वाचत बसले होते.

मी तिथेच वाचायला लागले. गाणी होती! लग्नातली, हळदीची, विहिणीला चिडवायची. बाईमाणसाच्या हातची मोडी मी नोकरीत फार कमी बघितली होती, आणि गाणी तर कधीच नाही. पहिलंच गाणं असं होतं:

‘हुबळीच्या ठेसनात व्याही उतरले सात,
शनवार लागायच्या आत चला घरात.’

“हुबळी!” वैदेही म्हणाली. “अक्का, आपली हुबळी!”

ज्यूंचा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो. त्याच्या आत पाहुण्यांना घरी न्यायची ही घाई. हे तिनं मला सांगितलं. मला लिपी येत होती, तिला अर्थ लागत होता. दुपारपर्यंत आम्ही चार पानं काढली. जेवणाची आठवण कुणालाच नव्हती.

मग तिनं तिच्या गाइड सरांना फोन लावला. स्पीकरवर.

“उत्तम,” सर म्हणाले. “आता कुणाला बोलू नकोस.”

“सर?”

“आधी पेपर लिही. लिस्टवर टाकलंस की जगाचं झालं. महिन्याभरात दुसराच कुणीतरी छापेल. तुझा थीसिस आहे, त्याचा नाही.”

“पण गुरुवारी समिती बसतेय, सर.”

“मग त्या ग्रंथालयवाल्याला एकट्याला कळव.”

“त्यांच्यात मराठी कुणालाच येत नाही. माझ्या एकटीच्या शब्दावर ते कशाला विश्वास ठेवतील?”

“विचार कर,” म्हणून सरांनी फोन ठेवला.

वैदेहीचं तोंड उतरलं. सर चुकीचं बोलत नव्हते. अशी वस्तू अभ्यासकाच्या हाती आयुष्यात एकदा लागते. “तुम्ही काय कराल?” तिनं मला विचारलं.

“आमच्या दप्तरात कागद वाचायचा तो दोन्ही पक्षांसमोर,” मी म्हटलं. “एकट्यानं खोलीत वाचलेलं कुणी मानत नव्हतं. पण थीसिस तुझा आहे. तू ठरव.”

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, “त्या माणसानं सगळ्यांसमोर विचारलंय. उत्तरही सगळ्यांसमोरच देते.”

सोमवारी सकाळी तिनं मेल टाकला. सुलटी केलेली पानं, माझं लिप्यंतर म्हणजे तोच मजकूर देवनागरीत, आणि खाली तिचा इंग्रजी अर्थ. मोडी वाचन म्हणून माझं नाव.

अर्ध्या तासात पहिलं उत्तर आलं. दुपारी चहाला बसेपर्यंत वीस. वैदेही कॉलेजातून फोन करून वाचून दाखवत होती आणि मी इकडे फोन धरून फेऱ्या मारत होते. गिरगोटा म्हणणाऱ्या प्राध्यापकांनी माफी मागितली होती. योएलनं तर पाचच शब्द लिहिले होते: ‘मी वही उलटी धरली होती!’

मग एक उत्तर माझ्यासाठी आलं. तिसऱ्या गाण्यात ‘येलीयाहोहनबी’ अशी सलग अक्षरं होती. त्यांचा अर्थ मला लागेना. बोलीतलं ‘येळी’ म्हणजे ‘वेळी’ असेल, लिहिताना ळ चा ल झाला असेल, असं धरून मी लिहून टाकलं होतं, ‘येळी या हो, नबी’. वेळेवर या हो, प्रेषिता. छान अर्थ लागला म्हणून मी खूशही होते. लिस्टवरच्या एका बाईंनी अगदी अदबीनं कळवलं, की हे ‘एलियाहू हन्नाबी’ असावं. हा बेने इस्राएलांचा फार लाडका प्रेषित. पोहे, गूळ, खोबरं यांचा मलीदा त्याच्या नावानं करतात.

मी पान काढून परत बघितलं. ल स्वच्छ ल होता. त्याचा ळ मी केला होता, आणि कुठे न बसणारा ह सरळ गाळला होता. नोकरीत कुण्या ज्युनिअरनं असं केलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. मी वैदेहीला म्हटलं, “लिही त्यांना. चूक माझी. मजकूर मी सुधारला, तो माझा अधिकार नव्हता.”

मंगळवारी लंडनहून संगीताच्या एका अभ्यासक बाईंचा मेल आला, आणि मग मात्र कहर झाला. त्यांच्याकडे फार पूर्वी भरलेली एक कॅसेट होती. एका वृद्ध बेने इस्राएल बाईनं म्हटलेलं गाणं. चाल नीट होती, पण शब्द कुणाला लागले नव्हते. त्यांनी तो आवाज मेलला जोडून पाठवला होता. वैदेही रिक्षा करून माझ्याकडे आली. आम्ही वहीचं पहिलं पान समोर ठेवलं आणि बटण दाबलं.

खरखर. मग एक पातळ, थकलेला आवाज. ‘… ठेसनात … उतरले सात…’

“शनवार लागायच्या आत!” आम्ही दोघी एकदमच ओरडलो. मी साठी ओलांडलेली बाई, खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते.

गुरुवारी समितीपुढे योएलनं लिस्टवरची सगळी उत्तरं छापून ठेवली. मीटिंग दहा मिनिटांत संपली. वही राहिली. शिवाय तिची सगळी पानं सुलटी स्कॅन करून कुणालाही बघता येतील अशी ठेवायचं ठरलं.

रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल झाला. योएलच्या शेजारी वहीची मालकीण बसली होती. रेबेकाबाई. गळ्याशी शाल, पांढरे केस, मिश्कील डोळे. दहा वर्षांच्या असताना आई वारली आणि मावशीबरोबर त्या हुबळी सोडून इस्राएलला गेल्या. आईची वही त्यांनी जपली, पण मोडी त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. कागदांची खोकी मुलानं परस्पर ग्रंथालयात दिली, त्यामुळे वही कुठल्या भाषेतली हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

“अक्का, कुठल्या तुम्ही?” त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं.

“कमरीपेठ.”

“हौद? खरंच?” त्यांच्या तोंडून एकदम कानडी निघालं. “आम्ही रेल्वे क्वार्टर्समध्ये होतो की!”

मी एकेक गाणं वाचत गेले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या, मधेच ओठ हलायचे. शेवटच्या पानाचा कोपरा फाटला होता. ‘विहीणबाईचा केवढा तोरा, तिला पाजा च…’ एवढंच उरलेलं. या वेळी मी काही जुळवलं नव्हतं. ‘पुढे फाटले आहे’ असं लिहिलं होतं, तसंच वाचलं.

रेबेकाबाईंनी डोळे उघडले आणि चालीत म्हटलं, “तिला पाजा चहा कोरा!”

मग खो खो हसायला लागल्या. “मटणाच्या जेवणावर दूध चालत नाही आमच्यात. विहीण कितीही रुसली तरी चहा कोराच!” हसता हसता त्यांनी शालीनं डोळे पुसले. “आई असंच म्हणायची. हात हलवून. मी विसरले होते.”

वैदेही लिहून घेत होती, पण तिला कागद नीट दिसत नसावा.

पेपर तिनं लंडनच्या बाईंबरोबर मिळून लिहिला. दुसऱ्या कुणी मधे छापला नाही. सर आता सगळ्यांना सांगतात, “लिस्टवर टाकायला मीच म्हटलं होतं.” सांगू देत.

मी माझ्या कामात एक बदल केलाय. जे अक्षर लागत नाही, तिथे रिकामी जागा सोडते आणि बाजूला ‘वाचता आले नाही’ असं लिहून सही करते. ती जागा भरता येणारं माणूस कुठेतरी असतं, आपण आधीच भरून ठेवली तर ते कशाला बोलेल? वकिलांना हे आवडत नाही. “अक्का, अंदाजे तरी लिहा की,” म्हणतात. मी लिहीत नाही.