रोह्याच्या रेडिएटरवाल्या भाभी

रोह्याच्या भाभींना गाडी दिसायची ती सगळ्यात शेवटी. त्याआधी त्यांना गाडीची हकिगत ऐकू यायची. रेडिएटर दुरुस्तीचं त्यांचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा, मधोमध प्लायवूडचा आडोसा. आडोशापुढे खुर्चीत त्यांचे सासरे बसलेले. सगळे त्यांना चाचा म्हणायचे, भाभी अब्बा म्हणायच्या. आडोशामागे पाण्याची टाकी, गॅसची बत्ती, गळक्या पत्र्याला डाग द्यायचं, झाळकामाचं सामान आणि भाभी. चाचांना फार कमी ऐकू यायचं, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आपल्या गाडीचं दुखणं ओरडून सांगायचा आणि ते मागे स्वच्छ ऐकू जायचं. चाचा मान हलवायचे, उठून आत जायचे, भाभी कानाशी सांगतील ते ऐकायचे आणि बाहेर येऊन नेमकं काय बिघडलंय ते सांगायचे. चाचांचा हात धरणारा दुसरा कोणी नाही, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे.

चाचा स्वतः काही लपवत नव्हते. "मी नुस्ता बसतो रे बाबा, सगळं ती करते," असं ते सरळ सांगायचे. लोकांना तो म्हाताऱ्याचा विनय वाटायचा.

भाभींचा नवरा कुवेतला रेडिएटरचंच काम करायचा. दोन वर्षांतून एकदा, दोन महिन्यांसाठी यायचा. जाण्याआधी त्याने भाभींना झाळायला शिकवलं होतं. तापणाऱ्या इंजिनाचं निदान मात्र त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी प्लायवूडच्या मागे बसून, लोकांचं ऐकून ऐकून स्वतः मिळवलं होतं.

माझं पेणला गॅरेज. ते नवीन टाकलं तेव्हा हमरापूरच्या एका मूर्तीवाल्याचा टेम्पो माझ्याकडे आला. मूर्ती भरून निघाला की वाटेत तापायचा. मी थर्मोस्टॅट बदलला, पंख्याचा पट्टा बदलला, पाण्याचा पंप बदलला. टेम्पो तापतच राहिला. शेवटी रेडिएटर उतरवला आणि रोह्याला घेऊन गेलो. चाचांनी तो आत दिला. थोड्या वेळाने भाभी स्वतःच बाहेर आल्या. चाळिशीच्या, कोपरापर्यंत बाह्या दुमडलेल्या.

"ह्याला कायच झालेलं नाय. कशाला काढून आणलास?"

"टेम्पो तापतो, भाभी. मला वाटतं, आतून चोंदला असेल."

"तुला काय वाटतं ते नको सांगू. काय दिसलं ते सांग. उभा असताना तापतो?"

"नाय."

"पाणी कमी होतं?"

"थेंबभर पण नाय."

"आन् पळवला की?"

"साठच्या पुढं गेला की काटा वर जातो. थांबून बॉनेट उघडलं की सगळं बरोबर दिसतं."

"थांबल्यावर बरोबरच दिसणार. उभ्या गाडीला बॉनेट उघडं ठेव, ड्रायव्हरला रेस द्यायला सांग, आन् खालच्या पाइपावर नजर ठेव."

पेणला येऊन रेडिएटर परत बसवला आणि तसं केलं. रेस वाढली तसा रेडिएटरच्या खालचा रबरी पाइप माझ्या डोळ्यांसमोर चपटा झाला. त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली होती. पंपाने जोर धरला की पाइप मिटायचा आणि पाणी अडायचं. रेस सोडली की पुन्हा फुगून साळसूद दिसायचा. तीन आठवडे मी ज्याच्याशी झगडत होतो ते भाभींनी टेम्पो न बघता सांगितलं होतं.

मग मला सवयच लागली. तापणारी गाडी आली की मी गॅरेजच्या मागे, जुन्या टायरांपाशी जाऊन भाभींना फोन करायचो. त्यांचे प्रश्न ठरलेले. फक्त उभी असताना तापते का? मग पंखा बघ. पाणी गायब होतं पण खाली कुठे ओल नाही? मग सकाळी पहिल्यांदा चालू करताना धूर कसा येतो ते बघ. आणि गरम रेडिएटरचं झाकण कोणी उघडलं असं कळलं तर त्या माझ्यावरच खेकसायच्या. "तोंड भाजून घ्यायचंय का? जरा दम धरायला काय होतं तुम्हाला?"

मोबदला त्यांनी एकच मागितला. काम झालं की कळवायचं. "निघालं काय मग?" हा त्यांचा प्रश्न. त्यांना त्यातच आनंद असायचा. मी सुरुवातीला आठवणीने सांगत असे. पुढे पुढे विसरायला लागलो. मग त्याच फोन करायच्या, आणि समोर गिऱ्हाईक असलं की मी तो कापायचो.

कारण एव्हाना माझं नाव झालं होतं. कोलाड, खांब अशा गावांपासून माणसं येत होती. बाकीच्यांनी हात टेकलेली गाडी पेणला न्या, असं ते एकमेकांना सांगत. मी टायरांमागून परत यायचो, बॉनेटवर हात ठेवायचो, क्षणभर विचार केल्यासारखं करायचो आणि भाभींचं वाक्य माझ्या तोंडाने बोलायचो.

अशातच एका बसवाल्या ठेकेदाराकडून बोलावणं आलं. कंपनीच्या कामगारांना शिफ्टला ने-आण करणाऱ्या त्याच्या बसगाड्या कोलाडच्या आवारात उभ्या असत. त्यातल्या चार एकदम तापायला लागल्या होत्या. इंजिनातलं गॅस्केट गेलं असेल असं मला वाटत होतं. मी भाभींना फोन केला.

"चार गाड्यांचं गॅस्केट एका महिन्यात जात नाय," त्या म्हणाल्या. "कायतरी बाहेरचं हाय. मला घेऊन चल. हे बघायला पायजे."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच स्वतःहून यायचं म्हटलं होतं. मी रोह्याला गेलो तेव्हा त्या दुकानाबाहेर तयार उभ्या होत्या. धुतलेला बुरखा, हातात कापडी पिशवी, पिशवीत बॅटरी आणि पत्र्याची एक लांब पट्टी. गाडीत पुढे माझ्या शेजारी बसल्या आणि कोलाड येईपर्यंत बोलत होत्या. आत बसून बसून कान तयार झाले, पण डोळे उपाशी राहिले, असं काहीतरी म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

आवारात ठेकेदाराचा सुपरवायझर होता, चार-पाच ड्रायव्हर होते. भाभींनी पहिल्या बसच्या पुढच्या बाजूला बॅटरी मारली. समोर एसीची जाळी, तिच्यामागे रेडिएटर, मधे दोन बोटांची फट. त्या फटीत त्यांनी पट्टी घातली, मग बाही सरकवून हात घातला. हाताबरोबर बाहेर आला तो धुळीचा आणि गवताच्या काड्यांचा गोधडीसारखा जाड थर. हायवेच्या रुंदीकरणाची धूळ. पुढून जाळी स्वच्छ दिसत होती, कारण ती रोज धुतली जायची. मधे मात्र वाऱ्याला जागाच उरली नव्हती.

त्यांनी हळूच मला सांगितलं. मी मोठ्याने सुपरवायझरला सांगितलं. तो खूश झाला. मग त्याचं लक्ष भाभींच्या काळ्या झालेल्या हातांकडे गेलं.

"या बाई कोण?"

मी म्हणालो, "गॅरेजवर साफसफाईला असतात. जाळ्या साफ करायला आणल्यात."

का म्हणालो, ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. ड्रायव्हर बघत होते, एवढंच आठवतं. भाभींनी वर पाहिलं नाही. चारही बसच्या जाळ्या त्यांनी मोकळ्या केल्या, नळावर हात धुतले आणि परत निघताना गाडीचं मागचं दार उघडून मागे बसल्या. रोहा यायला आलं तेव्हा एकच वाक्य बोलल्या.

"अब्बांना कमी ऐकू येतं रे, तरी विचारलं की माझंच नाव सांगतात. तुला तर नीट ऐकू येतं."

त्यानंतर त्यांनी मला फोन केला नाही. मी केला तर म्हणायच्या, "झाळायचं असेल तर घेऊन ये. बाकीचं तुला येतं." तसं मला काही अगदीच येत नव्हतं असं नाही. पण बसगाड्यांचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि भाभींच्या एका फोनवर सुटेल अशी गाडी मी दोन-दोन दिवस खोलून ठेवत होतो.

त्या पावसाळ्यात चाचा गेले. बाजारात प्लास्टिकच्या टाकीचे रेडिएटर आले होते. फुटला की फेकायचा, नवा लावायचा. झाळणारं कोणाला नको होतं. तेव्हा एक दिवस भाभी एसटीने पेणला, माझ्या गॅरेजवर आल्या. बसायला दिलेल्या खुर्चीवर बसल्या नाहीत.

"त्या बसवाल्यांना कोलाडला कायमचा माणूस ठेवायचाय म्हणतात, रेडिएटर बघायला. तुझा शब्द चालतो तिथं. माझं नाव सांगशील?"

"सांगतो की, भाभी."

"नक्की?"

"नक्की."

"पुढं बसायला मला कोण लागणार नाय," त्या म्हणाल्या. "माझं मी बोलेन."

दोनच दिवसांत सुपरवायझरने खरोखरच मला माणसाचं नाव विचारलं. मी माझ्या चुलतभावाचं दिलं. त्याला या कामातलं जेमतेम कळायचं. पण भाभी त्या आवारात रोज उभ्या राहिल्या असत्या तर महिन्याभरात सगळ्यांना समजलं असतं की पेणच्या मेकॅनिकचं डोकं कुठे राहतं. त्यापेक्षा चुलतभाऊ बरा.

आठ दिवस वाट बघून भाभी स्वतःच कोलाडला गेल्या. हे मला सुपरवायझरने फोनवर सांगितलं, हसत हसत. "तुमची झाडूवाली आली होती. रेडिएटरचं काम येतं म्हणते. मी म्हटलं, बस झाडायला या, उद्यापासून या." 

मीही हसलो. फोनवर त्याला ऐकू जाईल इतपत हसलो.

थोड्याच दिवसांत गाळा बंद झाला. भाभी मुंब्र्याला बहिणीकडे गेल्याचं शेजारच्या पंक्चरवाल्याने सांगितलं. नवरा अजून कुवेतलाच, तिथे त्या घरी बसून पिशव्या शिवतात. आता गाळ्यात मोबाइल दुरुस्ती चालते.

यंदा उन्हाळ्यात माझ्या चुलतभावाच्या देखरेखीतल्या एका बसचं इंजिन तापून जाम झालं. शिफ्टच्या कामगारांना भर दुपारी रस्त्यातच उतरावं लागलं. सुपरवायझर माझ्यावर भडकला, "तुम्हीच दिलेला माणूस!" त्या दिवशी मला काय झालं कोण जाणे, मी त्याला सगळं सांगितलं. चार बसचं दुखणं कोणी ओळखलं होतं, माझं नाव कोणाच्या जिवावर झालं होतं, त्याने झाडू देऊ केलेली बाई कोण होती. मला वाटलं होतं, तो मला आवारातून बाहेर काढील. त्याने घड्याळ पाहिलं.

"असं होय," तो म्हणाला. "बरं, इंजिनाला किती दिवस लागतील?"

पंक्चरवाल्याकडून नंबर घेऊन मी संध्याकाळी मुंब्र्याला फोन लावला. मागे शिलाई मशीनचा आवाज येत होता. मी आज सुपरवायझरला खरं सांगितल्याचं भाभींना सांगितलं, तसं मशीन थांबलं.

"मग? काय म्हणाला तो?"

"कायच नाय म्हणाला, भाभी. इंजिनाचं विचारलं."



"कायच नाय म्हणाला," त्या म्हणाल्या. "मग तेव्हा तू घाबरलास कशाला?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच ते समजून घ्यायचं होतं. फोन करायला मी पुन्हा जुन्या टायरांमागेच आलो होतो. पलीकडे मशीन पुन्हा सुरू झालं.