माझ्या आत्म्याला शांती

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण पुढे मी मरणार आहे. म्हणजे मेलोच होतो. मागच्या डिसेंबरात, भर संध्याकाळी, माझ्याच अंगणात, धडधाकट उभा असताना!

आम्ही मैसूरचे जुने रंगारी. आजोबा साड्या रंगवायचे, बाप चादरी छापायचा, आणि मी मास्तरांच्या खुर्चीला ओला रंग लावला म्हणून माझी शाळा सातवीतच आटोपली. पण हात अजून चालतो. दिवाळीचा आकाशकंदील मी दरवर्षी घरीच करतो. पाच टोकांची चांदणी, लालपिवळी, आत दिवा.

त्रिपुरी पौर्णिमेला तो उतरवायचा ही रीत. पण आमच्या हिनं मला शिडीबंदी केलेली. आदल्या वर्षी मी शिडीवरून थेट तुळशीत उतरलो होतो ना! लेकानं दिवाळीत येऊन कंदील टांगला, काढायलाही तोच येणार होता. तो बेंगळुरूला, कंदील इथं मैसुरात सरस्वतीपुरमला. डिसेंबर निम्मा संपला तरी आमची दिवाळी चालूच. मी आपलं रोज तिन्हीसांजेला बटण दाबायचो. शोभा होती, बिघडलं काय?

तर एका संध्याकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातून दहाबारा पोरंपोरी उतरली. गिटार, डफ, आणि लाल झग्यातला, कापसाची दाढी लावलेला नाताळबाबा. मी काही विचारायच्या आत अंगणात अर्धगोल करून गायला लागली की हो!

आता तुम्ही काय केलं असतंत? दारात कुणी देवाचं गाणं म्हणतंय, त्याला काय हाकलायचं? मी म्हटलं, बन्री बन्री, या, आणि सुम्ने, म्हणजे आपल्या उगीच, टाळ्या धरल्या. आरतीच्या. त्यांचा ताल बिघडला, माझा नाही.

गाणं संपल्यावर त्यांची म्होरकी पुढे आली. चष्मेवाली, गोड मुलगी. बोलणं सगळं कन्नडात झालं, तुम्हाला मराठीत सांगतो.

"अज्जी कुठेत?"

"आत. गुडघे धरलेत तिचे."

"फार एकट्या पडल्या असतील."

"एकटी कसली? मी आहे की तिच्या डोक्यावर बसायला."

तिनं माझा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाली, देवानंच तुम्हाला पाठवलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हे मला कुणी म्हटलं नव्हतं. मी थोडा फुगलोच.

मग सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि तिनं प्रार्थना सुरू केली. घरावर कृपा असू दे. ठीक. अज्जीला बळ दे. फारच ठीक. या घरचे यजमान यंदा आम्हाला सोडून तुझ्याकडे आले, त्यांच्या आत्म्याला शांती दे.

यजमान? या घरचा? मी हळूच स्वतःची नाडी बघितली. चालू होती. म्हटलं, यांच्यात जिवंत माणसासाठीही असंच मागत असतील, आपल्याला काय कळतंय! सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्यानं.

केकचा डबा माझ्या हातात देऊन, आता हिनकलला जायचंय, चर्चजवळच्या गल्लीत, असं सांगत मंडळी टेम्पोत चढली. ही कालथा घेऊन बाहेर आली.

"कोण गेलं हो?"

"मी."

"बरं. जेवून घ्या."

केकचा डबा उघडायला बसणार, तेवढ्यात पलीकडच्या घराकडे नजर गेली. तिथं आमच्या फिलोमिना सिस्टर राहतात. रिटायर नर्स. तुळशीत उतरलो तेव्हा माझं डोकं त्यांनीच शिवलं होतं. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या. नवी साडी, समोर ताटभर कुलकुल, म्हणजे नाताळचा गोड फराळ, आणि बारा पेले मांडलेले.

"बाबण्णा, तुमच्याकडे गात होते ना? ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "आता येतीलच इकडे."

त्यांचे यजमान जोसेफण्णा पावसाळ्यात गेले. दरवर्षी डिसेंबर लागला की ते दारावर नाताळचा स्टार टांगायला माझ्याकडून शिडी न्यायचे. अय्यो, माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. चर्चनं नव्या पोरांना सांगितलं असणार, त्या गल्लीत स्टार असलेलं घर, एकटी अज्जी. आणि गल्लीत स्टार एकच. माझा. यंदा शिडी मागायला कुणी आलं नाही, आणि माझ्या मेल्याच्या ते लक्षातही आलं नाही!

जन्मभर मी लोकांना फसवलं, पण विधवा बाईची प्रार्थना कधी लाटली नव्हती.

डबा स्कूटरला अडकवला आणि हिनकलची वाट धरली. तिथल्या गल्लीत टेम्पोसमोर स्कूटर आडवी घातली आणि म्होरकीला म्हटलं, "मागे फिरा. मेलेला माणूस मी नव्हे."

ती पोर इतकी घाबरली की नाताळबाबानं तिला धरलं.

पण फिरली बिचारी. मी हिच्या डोळ्यांदेखत शिडी लावली, कंदील उतरवला आणि सिस्टरच्या दारी टांगला. शिडी हिनंच धरली, शिव्या देत. पुन्हा गाणी झाली. जोसेफण्णांचं नाव घेऊन प्रार्थना झाली, तेव्हा सिस्टर पदर तोंडाला लावून बसल्या. मी टाळ्या अजिबात वाजवल्या नाहीत.

मग केकचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं कबूल केलं. म्हटलं, सिस्टर, केक तुमचा, प्रार्थनाही तुमचीच. चुकून माझ्या नावावर पडली, परत घ्या.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग शिडीकडे बघितलं. मग, जोसेफण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच असेल, खुदकन हसल्या.

"केक घेते. प्रार्थना राहू द्या तुमच्याकडेच, बाबण्णा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही स्टार तुम्हीच टांगणार आहात ना? मग लागेल."

आमची ही शिडी धरूनच होती. ती म्हणाली, "आमेन."