दोन मोर, दोन राघू आणि धोंडीबाची मेंढरं

"सरकार, हा सातवा फरक," असं म्हणून गोविंदराव वकिलांनी सातवं बोट मिटलं. निजामी अमलातल्या बीडच्या अदालतीत मी तेव्हा नवा वकील होतो. ते विरुद्ध बाजूचे, मुरलेले.

तेलगावच्या भागीरथीबाई खायच्या तंबाखूच्या पुड्या विकत. नवऱ्यामागं धंदा त्यांनीच सांभाळलेला. पुडीवरचं लेबल लाल, भोवती काळी चौकट, मध्ये कलश आणि कलशाकडं तोंड केलेले दोन मोर. मग सिरसाळ्याच्या मन्मथअप्पांनी पुडी काढली. तीही लाल, तीही काळ्या चौकटीची. फक्त मध्ये समई आणि समईकडं तोंड केलेले दोन राघू. आत निम्मा धुरळा.

"वकीलसाहेब, माल त्याचा अन् शिव्या मला," बाई म्हणाल्या होत्या. "असंच चाललं तर माझं दुकान उठतंय."

चित्र, रंग, चौकट, नाव असं सगळं एकत्र असलेल्या लेबलाला वकील संयुक्त चिन्ह म्हणतात. अशी दोन चिन्हं सारखी आहेत का, हे ठरवताना सुटे भाग जुळवायचे, की सगळं मिळून डोळ्याला काय दिसतं ते बघायचं? दावा त्यावरच उभा होता. आणि मी शहाणा सुटे भाग जुळवत बसलो.

"रंग एकच आहे, सरकार," मी म्हणालो.

"मग मिरच्यांवरही दावा लावा," गोविंदराव म्हणाले.

"चौकट एकच आहे."

"चौकट त्या खिडकीलाही आहे."

न्याय देणारे मुन्सिफसाहेब हसले. मलाही हसू आलं, ते जास्त वाईट. त्यानंतर गोविंदरावांनी मेजावर दोन्ही लेबलं शेजारी मांडली आणि सात फरक मोजले. मोर वेगळे, राघू वेगळे, कलश काही समई नव्हे. सगळं खरं होतं.

माझा साक्षीदार एकच, धोंडीबा मेंढपाळ. मोराची समजून त्यानं राघूची पुडी घेतली होती. गोविंदराव उलटतपासाला उठले.

"मेंढरं किती?"

"असतील दोनशे."

"एखादं दुसऱ्याच्या कळपात घुसलं तर ओळखतोस?"

"न ओळखायला काय झालं?"

"दोनशे मेंढरांची तोंडं ओळखतोस आणि मोर-राघू ओळखत नाहीस?"

अदालतीत हशा पिकला. माझा दावा बुडाला असं मी धरून चाललो. तिथं थांबले असते तर गोविंदराव जिंकलेच होते. पण त्यांना राहवलं नाही.

"ओळखतोस कशावरून? कानावरून, का शिंगावरून?"

"कान-शिंग कोण बघत बसतंय, साहेब? समदं मेंढरू एकदम दिसतं," धोंडीबा म्हणाला. "माझी रोज बघतो म्हणून चुकत न्हाई. दुसऱ्याचं एकच मेंढरू महिन्याला एकदा दाखवा, मग मी बी फसंन. पुडीचं तसंच हाय. बाजाराला कवा तरी जातो. लाल पुडी, काळी चौकट, तोंडाला तोंड करून दोन पाखरं, येवढंच ध्यानात राहतंय. जुनी पुडी संगं घेऊन कोण जातंय?"

मुन्सिफसाहेबांनी लेखणी ठेवली. मोरांचं लेबल उचलून मेजाच्या खणात टाकलं.

"गोविंदराव, त्या कलशावर नारळ होता?"

"होता, सरकार."

साहेबांनी खण उघडला. कलशावर नुसती पानं होती. नारळ नव्हता. खरं सांगतो, विचारलं असतं तर मीही 'होता' म्हणालो असतो, आणि ते लेबल तीन महिने माझ्याच कपाटात होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. लाल रंग कुणाची जहागीर नाही, पाखरंही नाहीत, पण सगळं मिळून गिऱ्हाईक फसतं, म्हणून राघूचं लेबल बंद, असं साहेबांनी लिहिलं. मन्मथअप्पांनी पुढं पिवळ्या पुडीवर उंट छापला. बाईंचं दुकान टिकलं. निकालाच्या दिवशी त्यांनी धोंडीबाला एक पुडी दिली, तर गड्यानं ती तिथंच उघडून हुंगली आणि मगच कनवटीला लावली. मला इतका आनंद झाला की आयुष्यात पहिल्यांदा मीही चिमूटभर तंबाखू खाल्ली, आणि दुपारभर पडून राहिलो.

तेव्हापासून माझा नेम ठरला. लेबलाचा दावा आला की लेबल एकदा बघायचं, कपाटात टाकायचं आणि जेवायला जायचं. परत आल्यावर जेवढं आठवेल, तेवढंच कोर्टात बोलायचं.