हरायची नोकरी

परवा घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये एका म्हाताऱ्या पहिलवानाचा सत्कार होता. बायको सकाळपासून साड्या काढून बसली होती. माझ्या साठीला एवढी नटली नव्हती. सत्तरी ओलांडली तरी माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

ऐंशीच्या दशकात ठाणे-कल्याणच्या मैदानांत रविवारी संध्याकाळी तिकीट लावून फ्री-स्टाइल कुस्त्या व्हायच्या. हा सत्काराचा पहिलवान खडवलीचा, गोरापान, पोस्टरवर कायम मधोमध. त्याचा हाडवैरी म्हणजे काळा बुरखाधारी. तो बुरखाधारी मी. कोण जिंकणार हे कुस्त्या भरवणारे शेठ आधीच ठरवायचे, आणि मी हरायचं हे तर कायमचंच ठरलेलं. बुरख्याआड कोण आहे ते घरीसुद्धा सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी मला नारळावर हात ठेवून घ्यायला लावली होती. मी गळ्यापर्यंत काळे कपडे घालायचो आणि तोंडाने नुसता गुरगुरायचो. कोलशेतला कंपनीत होतो, म्हणून घरी सांगायचो, ओव्हरटाइम आहे. अंगावरचे वळ मशीनच्या नावावर खपून जायचे.

तालमीत सराव करताना मी त्याला दर वेळी खाली घ्यायचो. हे कुणी पाहिलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतोय. रविवारी मात्र लोक त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे आणि मला चपला फेकून मारायचे. चपलांचं मला काही नव्हतं. पण एकदा घरातलं कपाट उघडलं, तर दाराला आतून, आमच्या लग्नाच्या फोटोशेजारी, पोस्टरमधून कापलेला तो चिकटवलेला.

"अगं, हे काय?"

"राहू द्या हो. चाळीतल्या सगळ्या जणी त्याच्या कुस्त्या बघायला जातात. तुम्हाला कुठे वेळ असतो?"

पुढच्याच रविवारी कल्याणला कुस्ती होती. आम्ही एकमेकांना भिडलो, आणि तिसऱ्या रांगेतून ओळखीचा आवाज आला, "हाण त्या काळ्याला!"

माझीच बायको.

माझं डोकं फिरलं. शेठचं ठरलेलं गेलं खड्ड्यात. मी त्याला उचलून आपटला आणि छातीवर बसलो. पंच गांगरला. "एक" म्हणाला आणि थांबला.

"अरे, काय करतोस? सोड ना," तो खालून कुजबुजला.

"मोज!" मी पंचावर गुरगुरलो. "दोन" झालं. आणखी एक आकडा, की मी जिंकलो. तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. पदर तोंडाशी धरून ती रडत होती, त्याच्यासाठी. मला जिंकायचं होतं ते तिच्याच समोर, आणि ती अशी रडत होती. माझे हात सैल पडले. त्याने मला उलथवलं, तशी ती खुर्चीवर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासाठी तिने कधी अशा टाळ्या वाजवल्या नाहीत.

परवा त्याच्या हातात काठी होती, तरी गडी देखणाच दिसत होता. बायकोने त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि म्हणाली, "कल्याणला त्या काळ्याने तुम्हाला दाबलेलं ना, तेव्हा मी किती रडलेले!"

तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत राहिला. "वहिनी, तो माझ्यापेक्षा तगडा होता. त्या दिवशी त्याने मला का सोडलं, ते मला अजून कळलेलं नाही."

"घाबरला असेल मेला."

शेठ जाऊन किती वर्षं झाली. आता शपथ पाळायची तरी कुणासाठी? मी सांगायला तोंड उघडलं. पण ती मोबाइलमधला फोटो मोठा करून करून बघत होती, आणि त्यात कडेला उभा असलेला मी स्क्रीनच्या बाहेर गेलो होतो.

परतताना रिक्षा ट्रॅफिकमध्ये अडकली. ती अजून खुशीत होती.

"तुमचं नशीबच फुटकं," ती म्हणाली. "एक रविवार ओव्हरटाइम सोडला असतात, तर तुम्हालाही त्याची कुस्ती बघायला मिळाली असती."