मालन सिस्टरचा मुलगा देव मानत नाही

मालन सिस्टर खोटं बोलत नाही, हे रत्नागिरीत ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेकांना त्याचा त्रासही झालेला आहे. पस्तीस वर्षं दवाखान्यात नोकरी केली, पण ताप एकशे दोन असला तर एकशे दोनच सांगणार. नातेवाईक मागून कितीही डोळे मिचकावोत. जेवायला बोलावलंत आणि कालवण खारट झालं, तर सांगून मोकळी! नवऱ्याच्या मयताला कुणीतरी म्हणालं, "देवमाणूस हो, कधी आवाज चढवला नाही." रडता रडता हिने दुरुस्ती केली, "चढवायचा. पण जीव होता माझ्यावर."

अशा बाईचा एकुलता एक मुलगा सुजय. मिरकरवाड्यात बर्फाच्या कारखान्यात मेकॅनिक. तोंडात शिवी नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही. चर्चचे पंखे तोच दुरुस्त करतो, फुकट. दर रविवारी आईला आणि बायकोला उपासनेला सोडतो आणि स्वतः फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहतो. कारण सुजय देव मानत नाही.

नास्तिक म्हणजे एक तर दारुडा, नाहीतर शिष्ट, नाहीतर देवाने काहीतरी हिरावून घेतलेला माणूस, अशी मालनची पक्की समजूत. पोरगा तिन्हीत बसेना. मग तिने नर्सच्या सवयीने दुखणं शोधायला घेतलं. बाप गेला म्हणून रागावलास? चर्चचे पाळकसाहेब काही बोलले? कुणी काही वाचायला दिलं? सुजय हसायचा.

"कुणी दुखवलं नाही गो आई. मी पुष्कळ वर्षं प्रार्थना केली. पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटलंच नाही. वाटत नाही तर वाटतं कसं म्हणू?"

कपाळ! ती पंधरा वर्षं त्याच्यासाठी गुडघे टेकत राहिली.

मग सुजयला मुलगी झाली. सानिका. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला. त्याची बायको नम्रता देव मानणारी, आणि सुजयचीही ना नव्हती. अडलं ते एका शब्दावर. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळक आईबापाला विचारतात, "प्रभू येशूवर तुमचा विश्वास आहे काय?" दोघांनी म्हणायचं, "होय, आहे." पाळकसाहेब भला माणूस. म्हणाले, नम्रताचं होय पुरेल, सुजय गप्प राहिला तरी चालेल. पण मालनला चालेना. सगळ्या मंडळीसमोर आपला मुलगा मुका उभा राहणार? त्यात चर्चमधल्या सगुणामावशीने तेल ओतलं, "अगो, म्हणायला काय जातं? अर्धी मंडळी सवयीनेच म्हणते!"

शनिवारी दुपारी मालन बांगडे साफ करत होती. सुजय कुकरची मूठ बसवत होता.

"माझ्यासाठी म्हण रे. एकच शब्द."

सुजयने पेचकस खाली ठेवला. "आई, तारा आठवतो?"

न आठवायला काय झालं! सात वर्षांचा होता. चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबलमधलं सुवर्णवचन पाठ म्हणणाऱ्याला कागदी तारा मिळायचा. याने वचन तळहातावर लिहून वाचलं आणि तारा घेऊन घरी नाचत आला. मालनने कान धरून परत नेला, सगळ्या पोरांसमोर तारा परत करायला लावला. वाटेत म्हणाली होती, "माणसांशी खोटं बोललास तर मार खाशील. देवासमोर बोलू नकोस हो, त्याला फार लागतं."

"तो आहे असं मला नाही वाटत," सुजय म्हणाला. "पण तुला वाटतं ना? मग तुझ्या देवासमोर खोटं कसं बोलू?"

मालनने तेच बांगडे पुन्हा धुवायला घेतले. 

रविवारी सानिकाने पांढऱ्या झग्यात चर्च डोक्यावर घेतलं. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला. नम्रता म्हणाली, "होय, आहे." सुजयची पाळी आली. त्याने पहिल्या बाकावरच्या आईकडे पाहिलं. मालनने मनाशी ठरवलं होतं, आर्जव करायचं नाही. पण डोळे कुठे ऐकतात? त्याला दिसायचं ते दिसलं. त्याने ओठ उघडले.

म्हणणार होता तो. पंधरा वर्षं मागितलेला शब्द आता कानावर पडणार होता, आणि तो खोटा असणार होता. 

"थांब!" ती उठली. गुडघे कुरकुरत होते. पुढे जाऊन तिने सुजयचा हात घट्ट धरला. "पाळकसाहेब, तो आता खोटं बोलेल. माझ्यासाठी. देवाला लागू नये म्हणून इतकी वर्षं बाहेर बसला माझा मुलगा. आत बसून कितीजण एवढं जपतात? त्याच्या जागी मी सांगते. होय, आहे."

चर्चमध्ये सानिकाचंच तेवढं रडणं चाललं होतं. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचं विचारलं, "मुलीचं नाव?"

नाव बापाने सांगायचं असतं. "सानिका," सुजय म्हणाला. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला.

बाहेर चहा घेताना सगुणामावशीने गाठलंच. "मालन, एवढ्या मंडळीत मुलाला असं उघडं पाडलंस, लाज नाही वाटली?"

"वाटली ना," मालन सिस्टर म्हणाली. "काल. खोटं बोल म्हणून सांगितलं त्याला तेव्हा."