पानावर ठेवलेला हात

पारोळ्याजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की पट वाढवण्यासाठी आम्ही घरोघर फिरतो. गावात इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन यायला लागल्यापासून चहा मिळतो, मुलं मिळत नाहीत.

त्या वर्षी मी एका अक्कांच्या ओट्यावर बसून त्यांच्या नातीला पहिलीत घालण्याविषयी बोलत होते. मोफत पुस्तकं, डी.एड. झालेले शिक्षक, सगळं सांगून झालं. अक्का शेंगा फोडत ऐकत होत्या. मग मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाई, तुमनी पोर कोनती शाळामा जास?"

माझी मुलगी तेव्हा पारोळ्याच्या इंग्रजी शाळेत दुसरीत होती. तिच्या वडिलांनी ठरवलं, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. प्रवेशासाठी सकाळपासून रांगेत मीच उभी होते. अक्का सूप उचलून आत गेल्या. जूनमध्ये नात व्हॅनमध्ये बसली.

त्यानंतर मी मुलीच्या वह्या नको इतक्या बारकाईने बघू लागले. अक्षर सुरेख, प्रत्येक उत्तराला बरोबरची खूण. एका पानावर तिने तीच ओळ दोनदा उतरवली होती, तर दोन्हींवर खूण होती. एका संध्याकाळी मी तिला इंग्रजीचा धडा वाचायला सांगितला. ती भराभर वाचत गेली. मध्येच मी पानावर हात ठेवला. ती थांबली नाही. हाताखालची ओळ, त्याच्या पुढची ओळ, सगळा धडा तिने तसाच म्हणून दाखवला. अर्थ विचारला तर म्हणाली, टीचर अर्थ विचारत नाहीत.

मी तिच्या शाळेत गेले. मुख्याध्यापिकांनी आदराने बसवलं, सरबत दिलं, आणि मी कोणत्या शाळेवर आहे हे कळताच त्यांचा चेहरा बदलला. "आमची मुलं तुमच्याकडे न्यायला आलात का?" त्यांनी सरळ विचारलं. मी पालक म्हणून आले आहे, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते नीट पटत नव्हतं. त्यांची चूक सापडावी अशी माझी इच्छा होतीच.

दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गात वाचन सुरू असताना मला राहवलं नाही. जी सात मुलं मी अहवालात 'उत्तम वाचक' म्हणून लिहिली होती, त्यांच्या पुस्तकावर मी एकेक करून हात ठेवला. चौघं न अडखळता पुढे म्हणत राहिली. दोघं गप्प झाली. एका मुलीने मात्र माझी बोटं धरून बाजूला केली आणि म्हणाली, "बाई, दिसत नाही ना."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तो अहवाल माझ्या सहीचा होता.

घरी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, दोन्हीकडे पाठांतरच असेल तर निदान इंग्रजीचं तरी होऊ दे. त्याला उत्तर द्यायला मला काही महिने लागले. तिथे मला कोणी वर्गात पाऊल टाकू देणार नाही, आणि इथे वर्ग माझाच आहे, एवढंच ते उत्तर होतं. पुढच्या जूनमध्ये मुलीचा दाखला काढून मी तिला माझ्या शाळेत घातलं.

गावाला वाटलं, सरकारचा आदेश आला असणार. अक्कांनीही रस्त्यात थांबवून तेच विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांची नात अजून व्हॅननेच जाते.

आता मी पाठ केलेला धडा वाचायला देत नाही. किराणा दुकानाची यादी, एसटीचं वेळापत्रक, पेरणीच्या बियाण्याच्या पिशवीवरच्या सूचना, काहीही वाचायला देते. मुलं अडखळतात, आणि त्या अडखळण्यावर माझा थोडाफार विश्वास बसतो. माझी मुलगी तर अजून फार हळू वाचते. नवऱ्याने तिचा इंग्रजी शाळेचा जुना टाय कपाटात जपून ठेवला आहे. मी तो पाहिला आहे.