मॅनेज झालेला शिवशंकर

उमरी तालुक्यातल्या एका खेड्यातला शिवशंकर दहावीच्या इंग्रजीत दोनदा आपटला, पण बाहेर पडताना एक शब्द घेऊन आला: मॅनेज. त्यावरच त्याचं बिनकामाचं आयुष्य चाललं. लाईट गेली की 'मॅनेज करतो' म्हणून तारेवर आकडा टाकायचा. आई कस्तुराबाईचे गुडघे ठणकले की 'गोळीवर मॅनेज कर' म्हणायचा. म्हणजे दवाखान्यात नेणार नाही. भाजी संपली की बायकोला, तनुजाला, तेच सांगून आपण हात धुवायचा.

ग्रामपंचायतीला त्यांच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी सुटली. बचत गटातल्या बायकांनी तनुजाला उभं केलं. शिवशंकर म्हणाला, तू नुसते हात जोड, बाकी मी मॅनेज करतो. मग तो कडक इस्त्रीच्या कपड्यांत गावभर मिरवला.

अर्ज मागं घ्यायच्या दिवशी सकाळी नळावर शेजारीण चांगुणा तनुजाच्या कानाशी लागली.

"तुझा नवरा मॅनेज झाला म्हणं."

तनुजानं 'करतो' लई ऐकलं होतं, 'झाला' पहिल्यांदाच. चांगुणानं उलगडून सांगितलं. विरोधातल्या बाईचा दीर माणिकप्पा यानं शिवशंकरला ढाब्यावर मटण चारलं, पाण्याच्या टाकीचं काम देतो म्हणाला, आणि हा गडी बायकोची उमेदवारी सोडून आला. तनुजाला रडू आलं नाही, किळस आली. विकायचंच होतं तर निदान मटणापेक्षा महाग तरी विकायचं.

दुपारी तहसीलच्या व्हरांड्यात त्यानं पेन पुढं केला. सगळं मॅनेज झालंय, इथं सही कर.

"तुमी झालाव," ती म्हणाली. "मी न्हाई."

पेन त्याच्याच खिशाला अडकवून ती एकटीच एसटीत बसली.

निवडणुकीत ती थोडक्यात पडली. टाकीचं काम माणिकप्पानं आपल्या मेव्हण्याला दिलं. शिवशंकर काही दिवस तोंड लपवून राहिला. मग हॉटेलात चहा पिता पिता सांगू लागला की, बायकोला एवढी मतं पडली ती आपणच मॅनेज केली. लोक मान डोलवायचे आणि त्याची पाठ वळली की हसायचे. हे तनुजाच्या कानावर आलं. तिनं त्याला विचारलंसुद्धा नाही.

आता दारात येऊन कुणी 'कारभारी हायेत का' विचारलं, तर ती म्हणते, "हाय की, पडलाय आत." आणि काम काय ते स्वतःच विचारून घेते.